पुण्याची पॉलिसी, बाळंतपण माहेरी बेळगावात: क्लेम मिळतो का?

खानापूरची_वाट
बहिणीचे यजमान पुण्यात कंपनीत आहेत. ग्रुप पॉलिसीत बाळंतपणाला ५०,००० आहेत. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला खानापूरला आणणार, दवाखाना बेळगावचा. पॉलिसी इथं चालेल का? वडिलांचं बीपीएल रेशनकार्ड आहे, त्याचा काही उपयोग?

टीपीए_डेस्क
राज्य बदललं म्हणून पॉलिसी अडत नाही, अडते ती दवाखान्यापाशी. विमा कंपनीच्या दवाखान्यांच्या यादीत नाव असलं तरी त्या दवाखान्याच्या इन्शुरन्स काउंटरला फोन करून आजही कॅशलेस (बिल कंपनी थेट दवाखान्याला भरते ती सोय) चालू आहे का ते विचारा. याद्या जुन्या असतात.

एचआरकडून आताच लेखी घ्या: बहिणीचं नाव पॉलिसीत चढलंय का (लग्न वर्षाच्या मध्ये झालं असेल तर बऱ्याचदा राहून जातं), नऊ महिन्यांची प्रतीक्षा (त्या काळात बाळंतपणाचा क्लेम मिळत नाही) माफ आहे का, ५०,००० नॉर्मल आणि सिझर दोन्हींना आहेत का, आणि बाळ पहिल्या दिवसापासून धरलंय का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर ते बिल याच ५०,००० मधून जाणार की कुटुंबाच्या मुख्य रकमेतून, हे स्पष्ट विचारा. जन्मानंतर बाळाचं नाव चढवायची मुदतही विचारून ठेवा.

सिझरची तारीख ठरली असेल तर दोन-तीन दिवस आधी प्री-ऑथ (कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा अर्ज) पाठवा. कळा येऊन अचानक दाखल झाली तर २४ तासांत कळवा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसचा पहिला निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत यायला हवी. काउंटरवर हे बोलून दाखवा.

शहापूर_गल्ली
कॅशलेस नसेल तर पैसे भरून नंतर क्लेम करता येतो, पण तो कागदावर अडतो. आधारवर माहेरचं आडनाव आणि पॉलिसीत सासरचं, हा नेहमीचा घोळ. आठव्या महिन्याच्या आत मिटवा, नाहीतर लग्नाचा दाखला जोडा. बिल तपशीलवार हवं, नुसती एकरकमी पावती चालत नाही. त्यावर दवाखान्याचा केपीएमई (कर्नाटकातल्या खाजगी दवाखान्यांचा कायदा) नोंदणी क्रमांक असू द्या. डिस्चार्ज कार्डावर कितवं बाळंतपण ते बरोबर लिहिलंय का बघा, कारण बऱ्याच पॉलिसी पहिल्या दोन मुलांपुरत्याच असतात. सोनोग्राफीचे रिपोर्ट मूळ प्रतीत जपा.

आता नवी वैयक्तिक पॉलिसी काढून या बाळंतपणाला उपयोग नाही, प्रतीक्षा काळ आडवा येतो. गर्भ नळीत राहिला तर मात्र तो खर्च बाळंतपण म्हणून वगळला जात नाही, साध्या पॉलिसीतही मागता येतो.

आशा_मदत
रेशनकार्डाबद्दल: लग्नानंतर बहिणीचं नाव वडिलांच्या कार्डातून कमी झालं असेल तर त्यावर तिला योजना मिळायची नाही. पण सरकारी दवाखान्यात बाळंतपण करायला कार्डाची अटच नाही. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात नॉर्मल, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. जेवण नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात दिवस. आजारी बाळाचे उपचारही त्यात येतात.

बहीण आली की त्याच आठवड्यात गावच्या आशाताईंना भेटा. पुण्याचं माता-बाल कार्ड दाखवून इथल्या आरोग्य केंद्रात नोंद करून घ्या आणि तायी कार्ड (कर्नाटकातलं माता-बाल कार्ड) मागा. खाजगी दवाखाना ठरला असला तरी ही नोंद कराच. रात्री गुंतागुंत होऊन जिल्हा रुग्णालयात हलवायची वेळ आली तर रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी सगळं त्या कार्डावर डॉक्टरांना एका नजरेत मिळतं.