'कल्चर शॉक'ला मराठीत काय म्हणायचं? बुजणे, करमणे, रुळणे

लाइपझिगवासी : नमस्कार मंडळी. मी मूळचा सोलापूरचा, सध्या जर्मनीत लाइपझिगला एमएस्सी करतोय. माझ्या जुन्या कॉलेजच्या वार्षिकांकासाठी परदेशातल्या पहिल्या दिवसांवर लेख मागितलाय. त्यात 'सांस्कृतिक धक्का' असं लिहितो आणि खोडतो. धक्का एकदाच बसतो, बसताक्षणी कळतो. इथे तसलं काही झालं नाही. उदाहरण सांगतो. पहिला तास संपला, सर कागद आवरायला लागले आणि अख्ख्या वर्गाने मुठी वळून बाकांवर टकटक सुरू केली. आपल्याकडे असं झालं तर प्राचार्यांना बोलावतील! इथे ती दाद असते, टाळ्यांऐवजी. टाळीसाठी उचललेले माझे हात अर्ध्यातच थांबले. त्या क्षणाला मराठीत काय म्हणू?

सातरस्ता : बुजणे. दुसरा शब्द शोधूच नका. नवीन वस्तू दिसली की बैल बुजतो. त्याला कुणी मारलेलं नसतं, ओळख नसते एवढंच. पाखरांनी बुजावं म्हणून शेतात उभं करतात ते बुजगावणं. धक्का देणारा कुणीतरी लागतो, बुजायला कुणी लागत नाही.

पूर्वभाग : पण 'बुजरा' म्हटलं की माणसावर शिक्काच बसतो. लग्नात कोपऱ्यात उभा राहणारा पोरगा. 'भांबावणे' का नको?

सातरस्ता : 'बुजरा' हा स्वभाव झाला, 'बुजला' ही घटना. चांगला धीट गडीसुद्धा बुजतो. आणि भांबावायला एका वेळी चार गोष्टी अंगावर याव्या लागतात. गड्ड्याच्या जत्रेत हात सुटलेलं पोर भांबावतं. 'बावरणे' मी मुद्दाम काढत नाही, त्याला कवितेतच राहू दे.

लाइपझिगवासी : बुजलो, पटलं. पण ते चार-आठ दिवसांचं. बाटली परत केली की २५ सेंट मिळतात, वेळापत्रकात 'सी. टी.' लिहिलं असेल तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, हे कळत गेलं तसं बुजणं सरलं. नंतर जे आलं ते वेगळंच. रविवारी दुकानं बंद. किराणा नाही, कापड नाही. रस्त्यावर आवाज नाही. डिसेंबरात चारच्या सुमारास दिवस मावळतो, तेव्हा आपल्याकडे साडेआठ झालेले असतात, घरी जेवणं चाललेली. शेंगाचटणीचा डबा शिल्लक होता, भाकरी नव्हती. त्रास म्हणावा तर कुणीच देत नव्हतं.

जुना मास्तर : बाळा, याला तुझी आजी काय म्हणाली असती? 'करमेना झालंय.' झालं की! आता त्याचं व्याकरण बघ. 'मी करमत नाही' असं होत नाही, 'मला करमत नाही' असंच होतं. भूक लागते, थंडी वाजते, तसं हे होतं. गावाला नावं ठेवली नाहीत आणि स्वतःला दोषही दिला नाही. मुळाशी 'क्रमणे' आहे. कालक्रमणा म्हणतो ना आपण? वेळ पुढे सरकणं. 'करमणूक' तिथलीच.

राहिला तुझा 'शॉक'. ती संज्ञा रूढ केली मानवशास्त्रज्ञ कॅलर्वो ओबर्ग यांनी. १९६० साली त्यांचा लेख छापून आला. त्यात सुरुवातीचे मोहाचे दिवस, मग संकट, मग सावरणं आणि शेवटी जुळवून घेणं अशा पायऱ्या आहेत. म्हणजे मूळ कल्पनाच एका दणक्याची नाही. आपण घाईघाईने 'धक्का' केला आणि पायऱ्या गाळल्या.

पूर्वभाग : सर, एक भर घालू का? आमच्या घरी कन्नड बोलतात. त्यात 'बेजार' म्हणजे कंटाळा, उदास वाटणं, अगदी हे न करमणंसुद्धा. मराठीत मात्र 'पोरांनी बेजार केलं' म्हणजे जीव नकोसा केला. शब्द एकच, फारसीतून आलेला, आणि सोलापुरात एकाच वाड्यात दोन्ही अर्थांनी चालतो. लाइपझिगच्या भाऊंनी कानडी शेजारणीला 'बेजार झालोय' सांगितलं तर ती बिचारी हळहळेल. मराठी मावशी विचारेल, कुणी केलं?

लाइपझिगवासी : हा हा, खरंय. आणि आता? आता मीच नव्या मुलांना बाकावर टकटक करायला शिकवतो. तिथे 'रुळलो' लिहू ना?

जुना मास्तर : लिही. केस खांद्यावर रुळतात, शब्द भाषेत रुळतो, माणूस गावात रुळतो. सगळीकडे वापराने आलेला सैलपणा. 'जुळवून घेणे'मध्ये दात-ओठ खाणं दिसतं, रुळण्यात ते नाही.

सातरस्ता : सर, पण रुळण्यालाही हद्द आहे. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस घ्या. १९१० चा सोलापुरातला जन्म, १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले. चिनी शिकले, लग्न तिथे केलं, १९४२ ला तिथेच गेले, वय अवघं ३२. त्यांना 'चीनमध्ये रुळले' म्हणणं तोकडं वाटतं. रुळलेला माणूस पाहुणा राहू शकतो.

जुना मास्तर : बरोबर. त्याला आपण 'तिथलाच झाला' म्हणतो. कौतुकानेही म्हणतो, टोमणा मारूनही म्हणतो. कोटणिसांबद्दल अभिमानाने म्हणायचं. पोराने तीन रविवार फोन केला नाही की आई म्हणते तो दुसरा.

लाइपझिगवासी : दुसरा मला ऐकवून झालाय, सर! आई 'तिथलाच' नाही म्हणाली, 'तिकडचाच झालास की रे' म्हणाली. यात फरक धरायचा का?

जुना मास्तर : धरायचा. 'तिथला' म्हटलं की जागा डोळ्यापुढे येते. 'तिकडचा' म्हटलं की आधी 'इकडचे' आले, आणि त्यांत आई आली. लेखात 'तिकडचाच' ठेव, आणि अंक निघायच्या आत घरी फोन कर.