नायट्रोनियम सरळ, नायट्राइट वाकडा: चार्ज बदलला की आकार का बदलतो?

केतकी_अकरावी: दोन्हींत मधे नायट्रोजन आणि बाजूला दोन ऑक्सिजन. तरी नायट्रोनियम (धन आयन, NO2+) चा बाँड अँगल, म्हणजे दोन बाँडमधला कोन, 180 अंश आणि नायट्राइट (ऋण आयन, NO2-) चा 115. क्लासमध्ये तक्ता पाठ करायला सांगितलाय. तक्त्यात नसलेला आयन पेपरात आला तर काय करायचं?

सोहम: नायट्राइटमध्ये नायट्रोजनवर लोन पेअर (बाँडमध्ये न गेलेली इलेक्ट्रॉनची जोडी) आहे, नायट्रोनियममध्ये नाही.

केतकी_अकरावी: हो, पण आहे की नाही हे मोजायचं कसं?

रसायनाच्या_मॅडम: केतकी, तक्ता ठेव बाजूला. नायट्रोजनच्या बाहेरच्या कक्षेत 5 इलेक्ट्रॉन. आयनाचा चार्ज मधल्या अणूवर आहे असं धर. (प्रत्यक्षात नायट्राइटचा चार्ज ऑक्सिजनांवर वाटलेला असतो, पण मोजणीचं उत्तर तेच येतं.) प्रत्येक ऑक्सिजनसाठी (दुहेरी बाँड धरून) मधल्या अणूचे 2 वजा कर. नायट्रोनियम: धन चार्ज म्हणजे एक इलेक्ट्रॉन कमी, 5 वजा 1, उरले 4, चारही बाँडमध्ये खर्ची. बाँड आणि लोन पेअर एकमेकांपासून शक्य तितके दूर जातात, प्रत्येकाची एक दिशा. इथे दोनच दिशा, त्या समोरासमोर, म्हणून 180. नायट्राइट: ऋण चार्ज म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त, 5 अधिक 1 झाले 6, 6 वजा 4, उरले 2, ही तुझी लोन पेअर. तीन दिशा म्हणजे 120 हवेत, पण लोन पेअर बाँडपेक्षा जास्त जागा अडवते आणि दोन्ही बाँडना दाबते. म्हणून 115.

आणि या दोघांच्या मधला नायट्रोजन डायऑक्साइड बघच, तोच तो तपकिरी वायू. तिथे 5 वजा 4, एकच इलेक्ट्रॉन उरतो. जोडीपेक्षा त्याचा रेटा कमी, अँगल 134. एकेक इलेक्ट्रॉन वाढतो तसं 180, 134, 115! इतकं सुंदर उदाहरण मुलांकडून नुसतं पाठ करून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

सोहम: मॅडम, मग ट्रायआयोडाइड (तीन आयोडीनचा ऋण आयन)? तिथे लोन पेअर असूनही 180 कसा?

रसायनाच्या_मॅडम: चांगलं विचारलंस. मधल्या आयोडीनचे 7, चार्जचा 1, बाजूच्या आयोडीनशी एकेरी बाँड असल्याने प्रत्येकी 1 असे दोन बाँडना 2 गेले, उरले 6. तीन लोन पेअर, दोन बाँड, एकूण पाच दिशा. अशा वेळी लोन पेअर मधल्या पातळीत 120 वर बसतात, तिथे ऐसपैस जागा असते. बाँड एक वर, एक खाली. तिन्हींचा रेटा सारखा, मग वाकणार कुठे? लोन पेअर दिसली की वाकडा, असं धरू नका. आधी सगळ्या दिशा मोजा.

केतकी, आयोडीनला दोन क्लोरीन असलेला धन आयन आणि ऋण आयन, दोन्ही करून दाखव.

केतकी_अकरावी: धन: 7 वजा 1 वजा 2, उरले 4, दोन लोन पेअर. चार दिशा, पाण्यासारखा वाकडा. ऋण: ट्रायआयोडाइडसारखाच, सरळ.

रसायनाच्या_मॅडम: दोन्ही बरोबर. आता सल्फाइट आणि कार्बोनेट कर.