‘मुरी’ कशावरून: मुरणे की मुरडणे?

— भीमेत बोटभर लांबीचा एक मासा मिळायचा. मुरी. गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की तळव्याखाली वाळू वळवळायची, पाऊल उचलेपर्यंत गायब. नीट बघितलं तर वाळूबाहेर नुसते दोन डोळे. पंचाने वाळूसकट उपसली तरच हाती लागायची. आजी म्हणायची, वाळूत मुरते म्हणून मुरी. ही व्युत्पत्ती खरी का?

— गोड आहे, पण पटत नाही. मुरतं ते पाणी, लोणचं, ताप. मुरलेलं परत वेगळं निघत नाही. तुमची मुरी तर वाळू झटकून पळते! मासा दडतो, घुसतो. मला ‘मुरड’ जवळची वाटते. चिमटीत धरलेली मुरी करंजीच्या कडेसारखी वळते.

— मग ‘ड’ कुठे गेला? कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं, तेव्हा इथलीच नावं लॅटिनला जोडली: मळ्याचं ‘मुल्या’, शिंगटीचं ‘सींगटी’ आणि आपल्या मुरीचं ‘मूरेह’. साहेबाचा कान कच्चा धरला तरी ‘ड’ ऐकू आल्याची खूण त्यात नाही. ‘मुरणे’ही त्याने सिद्ध होत नाही म्हणा. शिवाय साइक्सची मूरेह वेगळ्या कुळातली, तिला डोळ्याखाली काटा नसतो. काटेवाली, वाळूत शिरणारी, ती दुसरी. शास्त्राने दोन कुळं केली, जाळं टाकणाऱ्याला दोन्ही मुऱ्याच.

— आमची काटेवालीच. बोटाला टोचायची, म्हणून आजी डोकं पदरात धरायची.

— विषयांतर, पण त्याच साइक्सचा ‘नुक्ता’ मासा बघा. नाकाडावर आडवी खोल चीर, जणू नाक छाटलंय. मला तो सरळ आपला ‘नकटा’ वाटतो. (बिंदूवाला फारसी नुक्ता इथे कशाला येईल?) नुक्ता आणि साइक्सचाच दुसरा मासा सांडखोल, दोघेही आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ‘धोक्यात’ या वर्गात आहेत. ‘सांडखोल’ मात्र मला फुटत नाही. ‘सांड’ म्हणजे वळू की सांडवा?

— सांडव्यापाशी सापडायचा का, ते आधी कुणी भोयांना विचारा. मुरीचं मी विचारून आलो. आमच्या घाटाखाली वाळू उपसून पुरुषभर खड्डे झालेत, तळाला काळा गाळ. तिथला भोई म्हणाला, ‘मुरी? ती वाळूतली. इथं आता चिलापी.’ म्हणजे बाहेरून आलेला तिलापिया. विदर्भात, कोकणात मुरीला काय म्हणतात? तिथे ‘ड’ शिल्लक असेल तर मी आजीची बाजू सोडतो.