साक्षर, असाक्षर, अडाणी: पोथी वाचणारी आजी कोणत्या रकान्यात?

प्रश्न
साक्षरता सर्वेक्षणासाठी वस्तीवर घरोघर फिरत होते. एका घरी सून म्हणाली, "आमच्या आत्याबाई अडाणीच हायत, तसंच लिवा." सत्तरीच्या आजी ओट्यावर पोथी घेऊन बसलेल्या. पाठ असेल म्हणून मी मधलंच पान उघडून दिलं. ओळीखाली बोट सरकवत, जोडाक्षरापाशी थबकत त्यांनी अख्खी ओवी वाचली. मग वही पुढे केली, तर पेन धरून नुसत्या बसून राहिल्या. "लिवायला कुनी शिकिवलंच न्हाई." भाऊ अभ्यास करायचा तेव्हा शेजारी बसून अक्षरं ओळखायला शिकल्या, पाटी मात्र भावाची.

माझ्या कागदावर दोनच गोष्टी: साक्षर किंवा असाक्षर. अशा माणसाला मराठीत शब्द आहे का? आणि आपण ‘निरक्षर’ म्हणत होतो, त्याचं ‘असाक्षर’ का झालं?

प्रतिसाद १
जनगणनेच्या हिशेबाने आजी साक्षर नाहीत. वय 7 किंवा जास्त आणि कोणत्याही एका भाषेत समजून वाचताही आलं पाहिजे, लिहिताही आलं पाहिजे. नुसतं वाचता येणारा त्यात बसत नाही. उलट शाळेची पायरी न चढलेला माणूस घरी लिहायला-वाचायला शिकला असेल तर तो साक्षर. 2011 साली महाराष्ट्राची साक्षरता 82.34 टक्के होती, नंदुरबार जिल्ह्याची 64.38. उरलेल्यांत अशा वाचणाऱ्या आज्या किती, ते या आकड्यांतून कळत नाही, आणि मनाला तेच फार लागतं.

प्रतिसाद २
शब्दाकडे बघा. साक्षर म्हणजे स + अक्षर, अक्षरासहित. निरक्षर म्हणजे ज्याच्याजवळ अक्षरच नाही. मग आजींना निरक्षर कसं म्हणणार? अक्षर तर त्यांच्या बोटाखाली आहे. शब्दाच्या फोडीप्रमाणे त्या साक्षर आणि व्याख्येप्रमाणे असाक्षर, असा हा पेच आहे. ‘असाक्षर’ एवढंच सांगतो की साक्षर म्हणून नोंद नाही. नवभारत साक्षरता कार्यक्रमात 15 वर्षं आणि त्यावरच्या प्रौढांसाठी हाच शब्द वापरतात. मला तो पटतो. ‘निरक्षर’ला कानाला जो रितेपणा लागतो, तो यात नाही.

प्रतिसाद ३
‘अडाणी’ मात्र कृपा करून कागदावर नको. अडाणी म्हणजे समज नसलेला. बियाणं हातात घेऊन खरं-खोटं सांगणारी बाई अडाणी कशी? ‘अंगठेबहाद्दर’ तर हिणवायलाच वापरतात.

आणखी एक गट विसरू नका: सहीपुरते शिकलेले. बचत गटाच्या कामासाठी नाव गिरवून गिरवून बसवलेलं, पण तेच नाव दुसऱ्या कागदावर छापलेलं ओळखता येत नाही. यांना बरेचदा साक्षरांत धरून मोकळे होतात.

रकान्यांचा घोळ वरच्या टोकालाही आहे. माझे आजोबा ‘फायनल’ झालेले, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, जुनी सातवी. तेवढ्यावर प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची. आजच्या अर्जात ती ‘उच्च प्राथमिक’मध्ये जाते. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचंही तसंच, आताच्या दहावीशेजारी नेऊन बसवतात. जुन्या माणसाचं शिक्षण लिहिताना इयत्तेसोबत सालही लिहावं.

प्रतिसाद २ (पुन्हा)
मूळ प्रश्न राहिलाच. तयार नाम मला माहीत नाही, पण विशेषण आहे की! ‘लिहिता माणूस’, ‘लिहितं करणं’ आपण म्हणतोच. त्याच चालीवर आजी ‘वाचती’ आहेत, ‘लिहिती’ व्हायच्या आहेत.

प्रश्नकर्ती
घेतला हा शब्द. रकान्यात असाक्षर लिहिलंय, नाहीतर त्यांचं नाव साक्षरता वर्गाच्या यादीतच येणार नाही. शेऱ्यात लिहिलं: "वाचती आहेत, लेखनापासून सुरुवात करावी." काल पाटी दिली. पहिलं अक्षर कोणतं काढायचं विचारलं, तर त्यांनी भावाच्या नावातलं सांगितलं.