मशीनच्या आधी रापी

चामडं शिवायला कुठलं मशीन घ्यावं या चर्चेत ‘मोटर दमदार असली की घरगुती मशीनवरही चामडं शिवता येतं’ असं कुणीतरी म्हटलंय, ते मला अर्धंच पटलं. सुई आरपार जायला ताकद लागते हे खरं, पण घोडं अडतं ते सुईखालच्या, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांपाशी. घरगुती मशीनचे दाते फक्त खालून ओढतात आणि वरचा दाबपाय चामड्याला चिकटून बसतो. मग वरचा थर मागे राहतो, टाके कुठे आखूड कुठे लांब पडतात, खालच्या बाजूला दात्यांचे वण उठतात. शिवाय कापडासारखं उसवून परत शिवायची सोय नाही, भोक पडलं ते कायमचं. पैसे घालायचेच तर कंपाउंड फीडच्या वॉकिंग फूट मशीनमध्ये घाला, त्यात सुई, पाय आणि दाते एकदम सरकतात. सोबत सर्व्हो मोटर हवीच, म्हणजे वळणावर सावकाश एकेक टाका घालता येतो.

पण त्याही आधी चांगली रापी, म्हणजे चामडं तासायची सुरी घ्या, हे कळकळीनं सांगतो, कारण तासण्याबद्दल, म्हणजे चामडं खरवडून पातळ करण्याबद्दल, या चर्चेत कुणीच बोललेलं नाही. २ मिमीची कड दुमडली की ४ मिमी होते आणि पाकिटाच्या कोपऱ्यात असे तीनचार थर एकत्र आले की भारी मशीनही अडखळतं. दुमडायची पट्टी आतल्या बाजूनं तासून निम्म्या जाडीची केली तर घडी सपाट बसते. रापी अगदी आडवी धरायची, चामड्याखाली काच किंवा गुळगुळीत फरशी घ्यायची, आणि पातं अडकायला लागलं की जोर न लावता धार लावायच्या चामडी पट्ट्यावर घासून धार आणायची.

पिशवीचे बंद मात्र मी आजही आरीनं भोकं पाडून दोन सुयांनी हातानंच शिवतो. एक टाका झिजून तुटला तरी शेजारचे धरून राहतात.