सव्वा महिना झाला, तरी रडू थांबेना

सांगलीची_लेक: सिझर होऊन ४० दिवस झाले, माहेरी आहे. आई डिंकाचे लाडू, अळिवाची खीर करून घालते, मालिशवाल्या मावशी रोज येतात. तक्रारीला जागाच नाही! तरी दिवेलागणीला रडू फुटतं. काल न्हाणीघरात नळ सोडून रडले. आई म्हणते, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. कुणाला झालंय असं?

दोघांची_आई: मला, धाकट्याच्या वेळी. पहिले काही दिवस बहुतेकींना रडू येतं, ओसरतं. दोन आठवड्यांपुढे गेलं तर डॉक्टरांना सांगायचंच. बाळंतपणानंतरची उदासी ओळखायला एडिनबरा नावाची १० प्रश्नांची चाचणी असते, ५ मिनिटांत होते. हिमोग्लोबिन, थायरॉइडही तपासून घे. माझं थायरॉइडच निघालं, आणि मी सहा महिने स्वतःला कोसत बसले होते.

वॉर्डातली_ताई: टेली मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला, तर रात्र असली तरी थांबू नकोस, घरच्यांना उठव.

सांगलीची_लेक: तसं नाही वाटत, ताई. ह्यांना फोनवर सांगितलं, शनिवारी येतायत, मग दवाखान्यात जाऊ. आईला कसं सांगू तेवढं कळत नाही. तिला वाटेल, लाडवात काही कमी पडलं.