जादूच्या जगातील जातिव्यवस्था टिकते कशी?

शाईचा डाग
गेले दीड वर्ष मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील राज्यात पाच जाती आहेत. अग्नीला आवाहन करणारे अग्निधर सर्वांत वर आणि यज्ञकुंडातील राख उपसणारे, मेलेली मायावी जनावरे ओढून नेणारे राखवाहे सर्वांत खाली. जादू रक्तातून येते, अशी मी कल्पना केली आहे. हस्तलिखित वाचून एका मैत्रिणीने दोन प्रश्न विचारले. जादू जन्मतःच मिळत असेल, तर एवढे नियम आणि एवढ्या शिक्षा कशासाठी? आणि अग्निधर मूठभर असताना उरलेल्या चार जाती एकत्र येऊन त्यांना खाली का खेचत नाहीत? मला दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उंबरठा
आपल्या मैत्रिणीने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. जे दुसऱ्याला जमणारच नाही, त्यावर कोणी पहारा बसवत नाही. म्हणून 'जादू रक्तात असते' हे अग्निधरांचे म्हणणे असू द्यावे, ते कादंबरीतील सत्य असू नये. मंत्र कोणालाही शिकता येतो, मात्र तो शिकवला जात नाही आणि चोरून ऐकणाऱ्याला शासन होते, अशी मांडणी केल्यास नियमांना कारण मिळेल.

कोल्हापूरचे वेदोक्त प्रकरण या दृष्टीने पुन्हा पाहावे. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत आहे, हे शाहू महाराजांच्या ध्यानात आणून देण्यात आले. महाराज शूद्र असल्याने त्यांना वेदोक्ताचा अधिकार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. आणि हे त्या भोसले घराण्याच्या बाबतीत, ज्यातील शिवाजी महाराजांना १६७४ मध्ये रायगडावर वैदिक मंत्रांनी राज्याभिषेक झाला होता. खजिना, तुरुंग, हुकूम सर्व काही हाती असलेल्या राजाला एक मंत्र मात्र हुकमाने मिळेना. अखेर त्यांनी राजोपाध्यांचे वतन जप्त केले. आपल्या राज्यातही सिंहासन एकाकडे आणि मंत्र दुसऱ्याकडे ठेवून पाहावे.

चौथा मजला
आश्चर्य असे की मूळ प्रश्नात लग्नाचा उल्लेखच नाही. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात असल्याचे दाखवले, आणि त्यांचा युक्तिवाद जवळजवळ गणितासारखा आहे. जातीबाहेर लग्न निषिद्ध ठेवायचे, तर जातीतील विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. परंतु मृत्यू हा समतोल रोज बिघडवतो. नवरा मेला की त्याची विधवा 'जास्तीची' ठरते. तिने बाहेर लग्न केले तर जातीची भिंत फुटते, आणि जातीतच पुन्हा केले तर एका कुमारिकेच्या वाट्याचा वर जातो. म्हणून तिला एक तर जाळायचे किंवा जन्मभर वैधव्यात डांबायचे. विधुराला मात्र संन्यासाला लावणे परवडत नाही, म्हणून त्याच्यासाठी वयात न आलेली मुलगी आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा अशा एकाच हिशेबातून निघतात.

आता अग्निधराच्या विधवेचे काय होते, ते लिहून पाहा. तिला मंत्र पाठ आहेत, हे विसरू नका. माझ्या मते आपली खरी कथा तिथेच आहे, रणांगणावर नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आंबेडकरांकडेच मिळते. ते ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, तिच्यात वरचा आणि खालचा असे दोनच गट नसतात. सर्वांत खालच्यांचा अपवाद सोडला, तर प्रत्येकाच्या पायाखाली कोणीतरी असते, आणि वरच्याविषयीच्या रागापेक्षा खालच्याशी बरोबरी होण्याची धास्ती मोठी ठरते. शिवाय मधल्या जातींच्या चढण्याच्या प्रयत्नांवर वरून बारीक नजर असते. मुंबईतील सोनारांनी अभिवादनासाठी 'नमस्कार' हा शब्द वापरू नये, असा हुकूम १७७९ मध्ये पेशवे सरकारने कंपनी सरकारकडून काढवून घेतला होता. एका शब्दासाठी दोन सरकारे कामाला लागली!

पाणवठा
वरील प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु एक धोका सांगणे आवश्यक वाटते. राखवाह्याच्या स्पर्शाने अग्निधराची शक्ती खरोखरच क्षीण होते, असे आपण दाखवणार असाल, तर कृपया थांबावे. तसे केल्यास विटाळ हा आपल्या जगाचा निसर्गनियम ठरेल आणि अग्निधर निव्वळ सावधगिरी बाळगणारे सज्जन ठरतील. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सत्याग्रही प्याले, त्याने पाण्यात काहीही बदल झाला नाही. तरीही पुढे गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेली मडकी ओतून तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली. आपल्या पुस्तकात शुद्धीचा विधी असावा, तो थाटामाटात व्हावा, आणि त्याने काहीच घडत नाही हे वाचकाला कळावे.

उंबरठा
शेवटच्या भागात राजा फर्मान काढून जाती रद्द करणार असेल, तर जपानचे उदाहरण पाहावे. १८७१ मध्ये तेथील सरकारने अस्पृश्य मानलेल्या समूहांचा हीन दर्जा कायद्याने रद्द केला. त्याबरोबर मेलेल्या जनावरांवरील आणि कातड्याच्या धंद्यावरील त्यांचा परंपरागत हक्कही गेला. कलंक मात्र राहिला. राखेचा मक्ता गेल्यावर राखवाहे काय खातील?

शाईचा डाग
सर्वांचे आभार. रक्ताची कल्पना मी काढून टाकत आहे. त्यामुळे पहिली सहा प्रकरणे नव्याने लिहावी लागतील, याची थोडी हळहळ आहे. स्पर्शाने ज्योत विझण्याचा प्रसंग मी खरोखरच लिहिलेला होता. आता तीच ज्योत विझत नाही, आणि ती विझली नाही हे पाहणारी एकमेव व्यक्ती अग्निधराची विधवा आहे, अशी सुरुवात करून पाहतो.